चार छोट्या वेबसाइट, एक भाड्याचा सर्व्हर: व्हीपीएस कसा निवडायचा

वहिनीची दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारी साइट, आमच्या ट्रेकिंगच्या गटाचं पान, नारायण पेठेतल्या एका मंडळाची साइट आणि कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा सूचनाफलक. या चारही गोष्टी मी मुंबईतल्या एका छोट्या व्हीपीएसवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र भागावर, चालवते. महिन्याचा खर्च सगळे कर धरून अकराशेच्या आसपास येतो, म्हणजे एका साइटला तीनशेच्या आत. इथवर पोचायला मला तीन सर्व्हर बदलावे लागले. पहिले दोन मी फक्त किंमत बघून घेतले होते.

सुरुवातीला तर घरातल्याच जुन्या संगणकावर साइट ठेवून पाहिली. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की साइटही जायची. शिवाय घरगुती इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेरून आपल्या संगणकापर्यंत सरळ पोचताच येत नाही. तो नाद सोडला आणि भाड्याचा सर्व्हर शोधायला लागले. तेव्हा हे कोणी एका जागी सांगितलं असतं तर माझे निदान सहा महिने वाचले असते, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी ठरवा: व्हीपीएस लागतोच का?

शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, ही वाड्यातली खोली, नळ आणि अंगण सामायिक. व्हीपीएस म्हणजे फ्लॅट: मीटर स्वतंत्र, किल्ली तुमची, पण आतला गळका नळही तुम्हीच दुरुस्त करायचा.

तुमची साइट नुसती माहितीची असेल, म्हणजे पत्ता, वेळ, फोटो आणि फोन नंबर एवढीच, तर व्हीपीएस घेऊ नका. अशी स्थिर पानं क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा गिटहब पेजेसवर फुकट राहतात आणि उत्तम चालतात. वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) चालणारी एकच साइट असेल तर साधं शेअर्ड होस्टिंग पुरतं. तीन-चार साइट एकत्र ठेवायच्या असतील, स्वतःचा काही प्रोग्राम चालवायचा असेल आणि महिन्यातून दोन तास काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची तयारी असेल, तरच पुढे वाचा. ही तयारी नसताना घेतलेला व्हीपीएस वर्षभर अद्ययावत होत नाही आणि मग कोणीतरी तो फोडतो.

२. जवळ काय काय हवं

- पॅन आणि आधार किंवा पासपोर्ट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता वगैरे माहिती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे ओळखपत्र मागितलं तर बिचकू नका.
- आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं कार्ड. नव्या कार्डांवर ही सोय बंदच असते, बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागते. फक्त यूपीआय असेल तर ते घेणारी कंपनी शोधा.
- व्यवसायाची नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक.
- एक असा ईमेल पत्ता, जो याच सर्व्हरवर किंवा याच डोमेनवर (साइटच्या नावावर) नाही. सर्व्हर बंद पडल्याची सूचना बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या पेटीत येऊन उपयोग नाही.
- एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरून आज्ञा देण्याची सोय) चालवता येईल असा संगणक. विंडोज १० आणि ११, मॅक, लिनक्स या सगळ्यांत ही सोय आधीपासून असते.

३. डोमेन एका कंपनीकडे, सर्व्हर दुसरीकडे

हा मुद्दा सर्व्हर निवडण्याच्याही आधी घेते, कारण माझं सगळ्यांत मोठं नुकसान इथे झालं.

माझा पहिला सर्व्हर एका छोट्या कंपनीकडून घेतला होता. वर्षाचे पैसे एकदम भरले तर निम्मी सूट आणि वर डोमेन फुकट. सातव्या महिन्यात एके दिवशी त्यांचं पॅनेल उघडेना. तिकिटांना, म्हणजे मदतीसाठी पाठवलेल्या तक्रारींना, उत्तर नाही, फोन बंद. साइटची प्रत माझ्याकडे होती, ती मी दोन दिवसांत दुसरीकडे उभी केली. पण वहिनीच्या साइटचं नाव त्यांच्या खात्यात अडकलं होतं, त्यामुळे त्या नावावरून नव्या सर्व्हरकडे कोणाला वळवताच येईना. ती कंपनी डोमेनची फक्त विक्रेती होती. हूइज नोंदीत (डोमेनची सार्वजनिक माहिती) वरच्या मूळ रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीचं, नाव सापडलं, त्यांच्याकडे ओळखपत्रं आणि पावत्या पाठवल्या आणि १९ दिवसांनी नाव सुटलं. तेवढे दिवस वहिनीच्या डब्यांवर छापलेला पत्ता कुठेच जात नव्हता.

तेव्हा डोमेन स्वतःच्या नावाने, नामांकित रजिस्ट्रारकडे, स्वतःच्या ईमेलवर घ्या. फुकट मिळत असलं तरी सर्व्हरवाल्याकडून घेऊ नका. मंडळाची किंवा संस्थेची साइट असेल तर डोमेन संस्थेच्या पत्त्यावर असू द्या, कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर नको. कार्यकर्ते बदलतात.

सर्व्हरचे पैसे दर महिन्याला भरा. तीन वर्षांचे एकदम भरल्यावर जो दर दिसतो, तो पहिल्या मुदतीपुरताच असतो. नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरांत असतो, तो वाचा. मी आता दर निवडीला एकच प्रश्न विचारते: इथून एका संध्याकाळात निघता येईल का?

४. सर्व्हर कोणत्या गावात हवा

बघणारे पुण्या-मुंबईतले असतील तर सर्व्हर भारतात घ्या. अकामाईचा लिनोड आणि ॲमेझॉनचा लाइटसेल मुंबईत मिळतो, व्हल्टर मुंबई, दिल्ली आणि बंगळूरूत आहे, डिजिटल ओशनचं केंद्र बंगळूरूला आहे. जर्मनी आणि फिनलंडमधले हेट्झनरचे सर्व्हर त्याच पैशांत जास्त रॅम देतात आणि ते चांगलेही आहेत, पण अंतराला इलाज नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, आणि केबल काही सरळ रेषेत नसते. माझ्या घरून मुंबईच्या सर्व्हरचं उत्तर दहा मिलिसेकंदांच्या आगेमागे येतं, जर्मनीचं शंभराच्या बरंच वर. एक पान उघडताना अशा कित्येक फेऱ्या होतात. ऑर्डरीचा फॉर्म भरताना हा फरक जाणवतो. महिन्यातून चार वेळा उघडणाऱ्या ट्रेकच्या पानाला जाणवत नाही.

५. रॅम: इथेच काटकसर अंगाशी येते

छोट्या साइटला प्रोसेसर क्वचित कमी पडतो. कमी पडते ती रॅम.

माझा दुसरा सर्व्हर ५१२ एमबीचा होता. वर्षभर कुरकुर न करता चालला. मग वसुबारसेच्या संध्याकाळी वहिनीने व्हॉट्सॲपच्या गटांत साइटचा दुवा टाकला. दहा मिनिटांत शंभरेक लोक आले असतील, आणि पडद्यावर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याची ती कुप्रसिद्ध ओळ आली. मी सर्व्हर पुन्हा सुरू केला, पाच मिनिटांनी तेच. त्या रात्री वहिनीने भाजणीच्या चकल्यांच्या ऑर्डरी वहीत फोनवरून उतरवून घेतल्या.

झालं असं होतं: वर्डप्रेसचं पान बनवायला पीएचपीची (वर्डप्रेस जिच्यात लिहिलेलं आहे ती भाषा) एक प्रक्रिया लागते, आणि प्लगइन धरून ती सहज ४० ते ८० एमबी खाते. एकाच वेळी दहा जण आले तर दहा प्रक्रिया. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस स्वतःच्या साठ्यासाठी मुळातच १२८ एमबी धरून ठेवतो. रॅम संपली की लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्यांत जास्त जागा अडवणारी प्रक्रिया मारून टाकतो. ती बहुतेक वेळा डेटाबेस असते. म्हणजे गर्दी वाढली की साइट हळू होत नाही, एकदम कोसळते.

यावर तीन गोष्टी करा. पहिली, वर्डप्रेससाठी निदान १ जीबी रॅम घ्या, तीन-चार साइट असतील तर २ जीबी. दुसरी, डिस्कवर एक-दोन जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम संपल्यावर वापरायची जागा, करा. बऱ्याच व्हीपीएसवर ती नसतेच, हे नवख्यांना माहीत नसतं. स्वॅप रॅमइतका जलद नाही, पण गर्दीच्या क्षणी साइट कोसळण्याऐवजी नुसती संथ होते. तिसरी आणि सर्वांत गुणकारी, पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीच्या प्रक्रिया सांभाळणारा प्रोग्राम) मांडणीत एकावेळच्या जास्तीत जास्त प्रक्रियांची संख्या रॅमच्या हिशेबाने बांधा. १ जीबीवर मी ती पाच ठेवते. सहावा माणूस अर्धा सेकंद रांगेत थांबतो, पण बाकीच्या पाचांची ऑर्डर जाते.

याखेरीज पानांची तयार प्रत ठेवणारा कॅश प्लगइन लावा. मंडळाच्या साइटवर गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत वर्षातली बहुतेक गर्दी येते, आणि सगळे एकच पान बघतात: आरतीच्या वेळा. ते पान प्रत्येकासाठी नव्याने बनवण्यात काही अर्थ नाही.

६. जाहिरातीतली बाकीची अक्षरं

एका यंत्राचे भाग पाडण्याच्या दोन पद्धती आहेत; त्यातली केव्हीएम लिहिलेली असेल तीच घ्या. त्यात तुम्हाला स्वतंत्र कर्नल (लिनक्सचा गाभा) मिळतो. ओपनव्हीझेड प्रकारात कर्नल सगळ्यांचा एक असतो, डॉकरसारख्या (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या) गोष्टी अडतात, आणि तीच रॅम अनेकांना विकणं सोपं जातं.

डिस्क एसएसडी किंवा एनव्हीएमई हवी, २५ जीबी पुष्कळ झाली. भरते ती फोनवरून सरळ चढवलेल्या चार-पाच एमबीच्या फोटोंनी. चढवण्याआधी लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात बदला.

आयपीव्ही४ पत्ता (आयपी पत्त्याचा जुना प्रकार; नवा तो आयपीव्ही६) दरात धरला आहे का ते बघा. हे पत्ते आता दुर्मीळ झाल्याने काही अतिस्वस्त योजनांत फक्त आयपीव्ही६ मिळतो, आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांवरून तशी साइट उघडत नाही. ॲमेझॉनने तर फेब्रुवारी २०२४ पासून ईसीटूसारख्या सेवांवरच्या सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे वेगळे पैसे लावले आहेत.

महिन्याला १ टीबी ट्रान्सफर छोट्या साइटना संपता संपत नाही, त्याची चिंता सोडा. ‘अमर्याद’ असं लिहिलेलं असेल तर मात्र नियमावली वाचा, मर्यादा तिथे सापडते.

‘अनमॅनेज्ड’ याचा अर्थ यंत्र चालू ठेवणं एवढीच कंपनीची जबाबदारी. वर्डप्रेस बिघडला तर ते बघणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका.

७. दर पाच डॉलर, बिल किती?

डॉलर ९० रुपये धरला तर पाच डॉलरचे ४५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण परदेशी कंपन्या भारतातल्या नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडून तो घेतात: झाले ५३१. बँकेचा परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के असेल तर तो आणि त्यावरचा जीएसटी धरून साधारण ५५३. स्वयंचलित बॅकअप घेतला तर काही ठिकाणी मूळ भाड्याच्या २० टक्के आणखी. जीएसटी क्रमांक दिलात तर कंपनी कर लावत नाही, पण रिव्हर्स चार्जने तो तुम्हाला स्वतः भरावा लागतो. सीएंना आधी सांगून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे कार्डावरून परस्पर होणारी मासिक वसुली अनेकदा फसते. पैसे गेले नाहीत तर कंपनी काही दिवस वाट बघते, मग सर्व्हर बंद करते आणि शेवटी पुसून टाकते. म्हणून जिथे आगाऊ रक्कम जमा ठेवता येते तिथे मी दोन-तीन महिन्यांची ठेवते, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवर गजर लावलेला आहे.

आणखी एक सापळा. बहुतेक ठिकाणी सर्व्हर नुसता बंद केला तरी भाडं चालूच राहतं, कारण तुमची जागा अडलेली असते. बिल थांबवायचं तर सर्व्हर कायमचा काढून टाकावा लागतो.

८. एक दिवस वापरून बघा

वर उल्लेखलेल्या बऱ्याच कंपन्या तासाच्या हिशेबाने पैसे घेतात. त्याचा फायदा घ्या. दोन ठिकाणी एकेक सर्व्हर सुरू करा आणि २४ तास बघा. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला घरच्या वायफायवरून आणि मग मोबाइल डेटावरून पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) मोजा, कारण दुपारी सगळेच वेगवान दिसतात. सर्व्हरवर ‘टॉप’ ही आज्ञा देऊन ‘एसटी’ हा आकडा बघा. तुमच्या वाट्याचा प्रोसेसर शेजारी किती वेळ खातो आहे, ते त्यावरून कळतं. तो शून्याजवळ हवा. सतत पाच-दहाच्या वर राहत असेल तर तो सर्व्हर काढून टाका. लाइटसेलच्या छोट्या योजनांत प्रोसेसर थोडा वेळच पूर्ण वेगाने वापरता येतो, हेही लक्षात असू द्या.

याच दिवशी एक साधा प्रश्न तिकिटातून विचारा. उत्तर किती तासांत आणि कसं येतं, यावरून अडचणीच्या वेळी काय होईल याचा अंदाज येतो.

९. पहिल्याच संध्याकाळी करायची कामं

सर्व्हर सुरू झाल्यावर काही मिनिटांतच जगभरातून पासवर्डचे अंदाज लावणारे प्रयत्न सुरू होतात. हे प्रत्येक सर्व्हरबाबत होतं, घाबरू नका, पण काम उद्यावर टाकू नका.

सर्व्हरवर उबंटू २४.०४ किंवा डेबियन १३ (लिनक्सचे प्रकार) घ्या. स्वतःच्या संगणकावर एसएसएच किल्लीची जोडी बनवा, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवा. नवा वापरकर्ता करून त्याला सुडोचे, म्हणजे गरजेपुरते व्यवस्थापकाचे, अधिकार द्या. किल्लीने आत जाता येतं याची खात्री झाल्यावर पासवर्डने येण्याची वाट आणि रूटची (सर्वाधिकारी खात्याची) थेट वाट बंद करा. हे बदल करताना जुनी खिडकी उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघा. फायरवॉल चालू करण्याआधी २२ क्रमांकाच्या पोर्टला (एसएसएचच्या दाराला) परवानगी द्या. उलट क्रमाने केलंत तर स्वतःच बाहेर अडकाल आणि कंपनीच्या वेब कन्सोलमधून आत शिरावं लागेल. तो कन्सोल कुठे आहे हे आजच बघून ठेवा.

सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी सोय करा. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, ते आशिया-कोलकाता करा. नाहीतर रात्री दोनला ठरवलेला बॅकअप सकाळी साडेसातला सुरू होईल, आणि सर्व्हरच्या नोंदींतली (लॉग) प्रत्येक वेळ वाचताना साडेपाच तास मिळवत बसावं लागेल.

१०. साइट हलवताना

मराठी साइटला एक खास धोका आहे. डेटाबेसची अक्षरमांडणी लॅटिन-१ (फक्त युरोपीय अक्षरांची) राहिली तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि त्या प्रश्नचिन्हांवरून मूळ मजकूर परत मिळत नाही. प्रत काढताना आणि भरताना दोन्ही बाजूंना यूटीएफ८एमबी४ ठरवून द्या. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ देवनागरीला पुरतो, पण इमोजी आला की मोडतो. आमच्या ट्रेकच्या वर्णनांत इमोजी नाही असा परिच्छेद सापडत नाही. हलवल्यानंतर एक लांब लेख उघडून जोडाक्षरांसकट वाचा, मगच पुढे जा.

डीएनएसमधला (साइटचं नाव आणि आयपी पत्ता यांची जोडी सांगणारी यादी) टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरेल. मग ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ ची नोंद) नव्या पत्त्याकडे वळवा. आणि एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ ची नोंद) बघायला विसरू नका! जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता तिथे राहिला तर वायफायवर नवी साइट आणि मोबाइलवर जुनी असा घोळ होतो, कारण आपल्याकडची मोबाइल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतात. मी यात एक अख्खा रविवार घालवला आहे.

साइट सुरक्षित (https) उघडण्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट आहे, ते ९० दिवस टिकतं आणि सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो. मात्र नेहमीच्या पद्धतीत त्याला ८० क्रमांकाचं पोर्ट उघडं लागतं. सुरक्षेच्या नादात ते बंद केलंत तर आज काही बिघडणार नाही, तीन महिन्यांनी साइटवर धोक्याची लाल सूचना येईल. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे नूतनीकरणाची चाचणी सर्टबॉटच्या ‘ड्राय रन’ने (लुटुपुटूच्या फेरीने) लगेच करून घ्या.

११. ईमेल या सर्व्हरवर ठेवू नका

बहुतेक कंपन्या ईमेल पाठवायचं २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवतात, आणि उघडं असलं तरी तुमची पत्रं स्पॅममध्ये जातील. पेटी झोहो किंवा गूगलसारख्यांकडे ठेवा. ऑर्डरीच्या सूचना त्यांच्याच एसएमटीपीमधून (पत्र पाठवणाऱ्या सेवेतून) ५८७ पोर्टने पाठवा.

१२. बॅकअप त्या इमारतीबाहेर हवा

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचं सगळं गेलं. कंपनीच्या पॅनेलमधला स्नॅपशॉट (अख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) सोयीचा असतो, पण तो त्याच खात्यात असतो. खातं अडकलं की तोही अडकतो, हे माझ्या पहिल्या सर्व्हरच्या वेळी मी भोगलं आहे.

मी रोज रात्री डेटाबेसची प्रत आणि फोटोंचं फोल्डर रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रामने कूटबद्ध करून दुसऱ्या कंपनीच्या साठवणुकीत पाठवते, आणि दर रविवारी घरच्या डिस्कवर उतरवून घेते. वर्डप्रेसची मांडणी, वेब सर्व्हरच्या फाइली आणि क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) यादीही त्यात असते. नुसत्या डेटाबेसवरून साइट उभी राहत नाही.

दर तीन महिन्यांनी, आणि दिवाळीच्या आधी हमखास, मी तासाच्या भाड्याने एक कोरा सर्व्हर घेते आणि बॅकअपवरून वहिनीची साइट त्यावर उभी करते. पहिल्यांदा चार तास लागले होते, कारण निम्म्या गोष्टी मी लिहूनच ठेवल्या नव्हत्या. आता पायऱ्यांची यादी एका वहीत आहे आणि काम पन्नास मिनिटांत होतं. पुढची वेळ नवरात्रात. साइट उभी राहिली, फॉर्ममधून एक खोटी ऑर्डर जाऊन वहिनीच्या फोनवर पोचली, की तो सर्व्हर लगेच काढून टाकायचा आणि बिलाच्या पानावर तो दिसत नाही ना, हे बघूनच संगणक बंद करायचा.